स्वभावाची साक्ष

आपल्या घरांत एखादे स्थळ सांगून आले की होकार कळविण्यापूर्वी एक काम हमखास केले जाते. ते म्हणजे चौकशी. मुलगा सोलापूरचा असेल तर सोलापुरात आपले कोण आहे, हैदराबादेस नोकरीला असेल तर तेथे ओळखीचे कोण सापडेल, याचा शोध सुरू होतो. गुलबर्गा, बीदर, आळंद, बसवकल्याण या भागांत विखुरलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना तर अशा चौकशीचा सराव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे; कारण सोयरीक बहुधा दूरच्या गावी जुळवावी लागते. या चौकशीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी असते. "तुमचा स्वभाव कसा आहे हो?" असे खुद्द मुलाला कोणी विचारीत नाही. विचारले जाते ते शेजाऱ्यांना, कचेरीतील सहकाऱ्यांना, शाळेतील जुन्या मास्तरांना. आणि चौकशी करणारी व्यक्ती जाणती असेल, तर ती एकाच्याच शब्दावर विसंबत नाही. मामाने केलेली स्तुती आणि भाऊबंदाने केलेली निंदा, दोन्ही ती चाळणीतून गाळून घेते.

हीच रीत गेल्या अर्धशतकात मनोविकारशास्त्राने पद्धतशीर नियम घालून स्वीकारली आहे, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. ज्याला 'व्यक्तिमत्त्व-विकार' म्हणतात, तो एखाद्या माणसाला आहे की नाही हे ठरविताना डॉक्टर त्या माणसाशी तर बोलतातच. पण त्याला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या माणसांचीही मुलाखत घेतात. अशी साक्ष देण्याची पाळी आपल्यापैकी कोणावरही येऊ शकते. आपल्या चार शब्दांवर घरच्या माणसाचे पुढील आयुष्य काही अंशी अवलंबून असेल, तर ते चार शब्द कसे बोलावेत, याचा विचार आधीच केलेला बरा.

स्वभाव आणि विकार

तिरसट, हेकेखोर, संशयी, भिडस्त, हळवा, तऱ्हेवाईक: स्वभाव सांगण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. परंतु यांपैकी कोणताही शब्द म्हणजे विकार नव्हे. घरोघरी मातीच्या चुली असतात, तशीच घरोघरी एखादी तापट आत्या आणि एखादा अबोल काका असतो. त्यांच्यामुळे घराला रंग येतो.

विकार म्हणावयाचा तो केव्हा? माणसाची विचार करण्याची, भावना व्यक्त करण्याची आणि इतरांशी वागण्याची पद्धत इतकी ताठर होऊन बसते, की प्रसंग बदलला तरी ती बदलत नाही. घरात, नोकरीत, मैत्रीत, सर्वत्र तीच ठेच पुन्हा पुन्हा लागते. हे एखाद्या महिन्यापुरते नसून वर्षानुवर्षे चाललेले असते. आणि त्यापायी त्या व्यक्तीला अथवा तिच्या भोवतालच्यांना खरोखरीचे दुःख भोगावे लागते. या साऱ्या अटी पुऱ्या झाल्या, तरच तो शब्द वापरावयाचा. पूर्वीच्या वर्गीकरणात संशयग्रस्त, एकलकोंडे, भावनिकदृष्ट्या अस्थिर, अतिकाटेकोर, परावलंबी असे निरनिराळे प्रकार मानीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिने या प्रकारांपेक्षा विकाराच्या तीव्रतेवर भर दिला आहे: सौम्य, मध्यम की तीव्र? माणसाचे स्वतःशी आणि इतरांशी असलेले नाते किती बिघडले आहे, हे प्रथम पाहावयाचे आणि स्वभावविशेषांची नोंद त्यानंतर करावयाची, असा हा नवा क्रम आहे. ही अवस्था निदान दोन वर्षे तरी टिकलेली असली पाहिजे, अशीही अट आहे.

व्यक्तिमत्त्व-विकार रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, की क्ष-किरणाच्या चित्रात दिसत नाही. तो ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे संभाषण. प्रश्न एवढाच उरतो, की संभाषण कोणाशी?

दिव्याखालचा अंधार

रुग्णाशी बोलणे अर्थातच पहिले. परंतु स्वतःच्या स्वभावाविषयी स्वतः साक्ष देण्यात तीन अडचणी असतात. पहिली ही, की आपला स्वभाव आपल्याला स्वभाव म्हणून जाणवतच नाही. जगच तसे आहे असे वाटते. संशयी मनुष्य "मी संशयी आहे" असे म्हणत नाही, "लोक दगाबाज आहेत" असे म्हणतो. दुसरी अडचण सद्यःस्थितीची. माणूस खिन्नतेच्या आजारात बुडालेला असला, की त्याला सारा भूतकाळ काळाच दिसतो. "मी जन्मापासून नालायक" असे तो मनापासून सांगतो. आजार बरा झाल्यावर तोच माणूस निराळी हकिगत सांगतो. तिसरी अडचण सरळ आहे: काही गोष्टी लपविण्याकडे कोणाचाही कल असतो.

म्हणून माहितगाराची साक्ष हवी. इंग्लंडमध्ये पीटर टायरर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये २४ स्वभावविशेषांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती रुग्णाप्रमाणेच त्याच्या निकटच्या व्यक्तीलाही विचारता येत असे. १९८१ मध्ये अँथनी मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर केवळ निकटच्या व्यक्तीसाठीच एक छोटी मुलाखत तयार केली. तिची सुरुवात मोठी शहाणपणाची आहे. आजारी पडण्यापूर्वी हा माणूस कसा होता, ते तुमच्या शब्दांत सांगा, असे प्रथम मोकळेपणाने विचारावयाचे. बोलण्यात एखादा सूचक शब्द आला, की त्याचा धागा धरून पुढचे प्रश्न विचारावयाचे.

यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने एक मोठे काम हाती घेतले. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या भाषांत एकाच पद्धतीने वापरता येईल अशी मुलाखत तयार करून ती ११ देशांतील १४ केंद्रांत ५८ मनोविकारतज्ज्ञांनी ७१६ रुग्णांवर पारखून पाहिली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे या केंद्रांत बंगळूर हेही एक होते. तेथील 'निम्हान्स' या संस्थेचे चन्नबसवण्णा या कामात सहभागी होते, आणि मुलाखतीचे कन्नड रूपही सिद्ध झाले. या मुलाखतीचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एखादी लकब निदान पाच वर्षे टिकून असल्याशिवाय ती स्वभावाच्या खाती मांडावयाची नाही, आणि विकाराची काही खूण वयाच्या पंचविशीपूर्वीच दिसलेली असली पाहिजे. आता पंचविशीपूर्वीचा माणूस डॉक्टरांनी कोठून पाहावा? तो पाहिलेला असतो घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि जुन्या मित्रांनी.

रुग्णाची मुलाखत आणि आप्ताची मुलाखत यांची तुलना करणारा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही बंगळूरचे तज्ज्ञ होते. दोहोंमधील मेळ मध्यमच आढळला. जगात अन्यत्र झालेल्या अभ्यासांचा सूरही तोच आहे. याचा अर्थ कोणीतरी खोटे बोलतो असा नव्हे. रुग्ण आतून पाहतो आणि आप्त बाहेरून. एकाच वाड्याचे वर्णन माजघरातून आणि रस्त्यावरून केले, तर ते एकसारखे कसे होईल? अमेरिकेच्या हवाई दलातील नव्या उमेदवारांविषयीचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे एकत्र राहिलेल्या सोबत्यांनी एकमेकांविषयी जे सांगितले, त्यावरून पुढे कोणाला नोकरी सोडावी लागणार याचा अंदाज उमेदवारांच्या स्वतःच्या उत्तरांपेक्षा अधिक चांगला करता आला. मात्र मनातील पोकळी, भीती, रात्रीची तगमग या गोष्टी सोबत्यांना दिसत नाहीत. त्यांची साक्ष ज्याची त्यालाच द्यावी लागते.

पाश्चात्त्य देशांत आप्तांना दवाखान्यात मुद्दाम बोलवावे लागते. आपल्याकडे ते आधीच बाकावर येऊन बसलेले असतात. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात नातेवाइकांना रुग्णांसोबत तंबूंत राहू दिले. तेव्हापासून कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची एक चांगली भारतीय परंपराच निर्माण झाली. मात्र सारे कुटुंब जवळ असणे आणि कुटुंबाची साक्ष नीट घेणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

एक घर, पाच तोंडे

एक घर डोळ्यांसमोर आणू. घर काल्पनिक आहे, पण वाचकांना ते ओळखीचे वाटेल. ब्रह्मपुरातील एक जुना वाडा. धाकटा मुलगा बत्तीस वर्षांचा. आठ वर्षांत चार नोकऱ्या सुटल्या. पत्नी दोन वर्षांपासून सोलापूरला माहेरी. अलीकडे त्याने जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला. आईने गाणगापूरच्या पौर्णिमा केल्या. दुपारच्या आरतीच्या वेळी पीडितांना घेऊन आलेल्या कुटुंबांच्या गर्दीत तीही मुलाचा हात धरून उभी राहिली. त्या श्रद्धेने तिला बळ दिले. ते हिरावून घेण्याचे कोणालाच कारण नाही. त्यानंतर मात्र सारे मनोविकारतज्ज्ञाकडे गेले.

डॉक्टर प्रथम मुलाशी एकांतात बोलले. "मी सरळ मनाचा माणूस," तो म्हणाला, "ज्याला जीव लावावा तोच पाठ फिरवतो." मग त्याची संमती घेऊन डॉक्टरांनी इतरांना एकेकट्याने बोलावले.

आई म्हणाली, "तो लहानपणापासून हळवा आहे हो. रागावला तरी पोटात काही नसते. सुनेने समजून घेतले नाही."

थोरला भाऊ म्हणाला, "पहिल्यापासून बेजबाबदार. डॉक्टरसाहेब, तुम्ही तसे लेखी द्या." वाड्याच्या वाटणीचा प्रश्न लोंबकळत होता, हे त्याने सांगितले नाही, ते नंतर कळले.

पत्नी दूरध्वनीवर म्हणाली, "पहिले सहा महिने त्यांनी मला देवीसारखे मानले. मग एकदा बाजारातून यायला मला उशीर झाला, तर घरातील भांडी फेकली. दुसऱ्या दिवशी माझे पाय धरून रडले. असे किती वेळा झाले ते मोजायचे मी सोडून दिले."

शाळेतला मित्र म्हणाला, "नववीत असताना मी दुसऱ्या एकाशी बाकावर जागा बदलली, तर हा महिनाभर शाळेत आला नाही. पण माझे वडील इस्पितळात होते, तेव्हा अकरा रात्री माझ्यासोबत जागला तो हाच."

डॉक्टरांनी काय केले? त्यांनी विशेषणे बाजूला ठेवली आणि प्रसंग जवळ घेतले. 'बेजबाबदार' हा शब्द गळून पडला, कारण त्याला आधार म्हणून भाऊ एकही प्रसंग सांगू शकला नाही. 'हळवा' हा शब्द मात्र त्यांनी उलगडून घेतला. "हळवा म्हणजे कसा? एखादी आठवण सांगा, आई." तेव्हा तिला आठवले, की वडील बदलीवर बीदरला असताना हे पोर शनिवारी दिवेलागणीपासून उंबऱ्यावर बसून राही, आणि गाडी चुकून वडील आले नाहीत, तर रात्री अंगात ताप भरे. चौदाव्या वर्षी, चोविसाव्या वर्षी, तिसाव्या वर्षी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली होती: जवळचे माणूस दूर जाईल ही भीती, त्या भीतीचा भडका आणि मागाहून पश्चात्ताप. हे धागे घेऊन डॉक्टर पुन्हा मुलाशी बोलले, तेव्हा तो प्रथमच म्हणाला, की रात्री घर शांत झाले की आतून सगळे रिकामे वाटते. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

या पाचांपैकी कोणा एकाच्या तोंडी निदान नव्हते. ते सर्वांच्या सांगण्याच्या मधोमध कोठेतरी होते.

साक्ष आणि शस्त्र

थोरल्या भावाने लेखी कागद मागितला, तो डॉक्टरांनी दिला नाही. आणि तेच योग्य होते. स्वभावाची साक्ष ही दुधारी वस्तू आहे. मालमत्तेच्या वादात, सोडचिठ्ठीच्या प्रकरणात, किंवा उलट बोलणाऱ्या सुनेला गप्प बसविण्यासाठी तिचा शस्त्रासारखा उपयोग होऊ शकतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने म्हणूनच स्पष्ट केले आहे, की समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक वा धार्मिक कल्पनांप्रमाणे एखादी व्यक्ती वागत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरविता येणार नाही. परजातीत लग्न करू पाहणारी मुलगी, देवपूजा न करणारा मुलगा, एकटे राहू इच्छिणारी विधवा यांना डॉक्टरांकडे आणणाऱ्या घरांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे. रुग्णाच्या माहितीची गुप्तता हाही याच कायद्याने दिलेला हक्क आहे.

हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकाराच्या आधारे घटस्फोट मागण्याची तरतूद आहे. परंतु १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ रोगाचे नाव पुरेसे नाही. विकाराची तीव्रता सिद्ध झाली पाहिजे. तो निकाल छिन्नमनस्कतेच्या एका प्रकरणातील होता. पण नावाच्या शिक्क्याविषयीचा त्यातील इशारा आपल्या विषयालाही लागू पडतो.

विचारले तर काय सांगावे?

डॉक्टरांनी आपल्याला विचारले, तर प्रथम प्रसंग सांगावा. निकाल सांगू नये. "तो दुष्ट आहे" यापेक्षा "त्याने अमुक दिवशी असे केले" हे कितीतरी उपयोगी. दुसरी गोष्ट काळाची. हे कधीपासून आहे, हा आप्ताला विचारला जाणारा सर्वांत मोलाचा प्रश्न होय. शाळेपासून असे वागणारा माणूस आणि चाळिशीनंतर अचानक बदललेला माणूस यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्याच्या बाबतीत खिन्नता, दारू, डोक्याला झालेली इजा, अवटु ग्रंथीचा दोष किंवा मेंदूचा एखादा आजार यांचा शोध घ्यावा लागतो. "त्याचा स्वभावच तसा" असे आपण सहज म्हणून गेलो, तर बरा होणारा आजार अंगावर राहून जाण्याचा धोका असतो.

तिसरे असे, की आपण जे पाहिले नाही ते "पाहिले नाही" म्हणावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगावी. आपला त्यात काही संबंध गुंतला असेल, पैशाचा, मानाचा वा जुन्या भांडणाचा, तर तोही आधीच उघड करावा; त्याने साक्षीचे मोल कमी होत नाही, वाढते. चौथे, चांगले सांगावयास विसरू नये. अकरा रात्री जागलेला मित्र हा निदानाच्या बाहेरचा तपशील नाही. उपचार उभे राहतात ते अशाच बळावर.

पाचवी गोष्ट आपल्या सीमाभागाची. आपण घरी मराठी, बाजारात दखनी आणि कचेरीत कन्नड बोलतो. पण दुःख ज्या भाषेत झाले त्याच भाषेत ते नीट सांगता येते. 'हट्टी' आणि 'हेकट', 'भित्रा' आणि 'भिडस्त' यांतील फरक भाषांतरात सांडून जातो. तेव्हा मराठी जाणणारे कोणी मागावे, न मिळाल्यास प्रसंग सांगण्यावर भर द्यावा. प्रसंगाचे भाषांतर विशेषणापेक्षा सोपे असते. घरातील लहान मुलांना मात्र दुभाषी करू नये. आईबापांच्या भांडणाची हकिगत मुलांनी डॉक्टरांना सांगावी, हे मुलांवर ओझे आहे.

स्वभावाला औषध नाही?

"स्वभावाला औषध नाही" असे आपण म्हणतो, आणि "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही" असेही. या म्हणींनी जितका धीर दिला, तितकेच नुकसानही केले आहे. स्वभाव पालटणारी गोळी नाही, हे खरे. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या संवादोपचारांनी माणसे सावरतात. भावनिक अस्थिरतेच्या रुग्णांसाठी प्रभावी ठरलेली एक उपचारपद्धती अमेरिकेतील मार्शा लिनेहन यांनी घडविली. त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले, की तरुणपणी त्या स्वतःच अशा यातनांतून गेल्या होत्या. त्याच देशातील मॅक्लीन रुग्णालयाने अशा रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा दहा वर्षांत बहुतेकांची लक्षणे ओसरल्याचे आढळले.

मदतही आता पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. आपल्याच भागातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८०च्या दशकात 'निम्हान्स'ने प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना मनोविकारांचे शिक्षण देण्याचा प्रयोग केला. देशभरच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला तोच नमुना झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. घरात कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करीत असेल, तर स्वभावाची चिकित्सा करीत न बसता त्याला एकटे न ठेवता ताबडतोब मदत मागावी.

स्थळाच्या चौकशीचा आरंभी उल्लेख केला. त्या चौकशीत आणि या साक्षीत रीत एकच असली, तरी हेतू वेगळा आहे. तेथे आपण माणूस घरात घ्यावा की नाही, हे ठरविण्यासाठी विचारतो. येथे माणूस आधीच आपला असतो. त्याला सांभाळावे कसे, एवढेच विचारावयाचे असते. साक्ष देताना हा हेतू मनात जागा असला, की शब्द आपोआप जपून निघतात.